नीरोनंतरची नाणी

सांगली
३ ऑगस्ट २०२५

प्रिय चारू,

पार्सल उघडून तू म्हणाली असशील, चंदनला झालंय काय, मागच्या वर्षीची हळद अजून संपलेली नाही. तर पुडीत बोटं घालून तळाशी चाचप. प्लास्टिकच्या इवल्याशा पिशवीत एक बाई सापडेल. तिला कडेनं धर. तोंडावर बोट ठेवू नकोस. पुसू नकोस, धुऊ नकोस, आणि भांडी घासायच्या पावडरीजवळ तर मुळीच नेऊ नकोस.

फोन केला असता, पण तुझ्या कानापायी मला ओरडावं लागतं आणि मी ओरडले की सगळ्या गल्लीला कळतं. हे गल्लीला कळून चालणार नाही.

आमच्या जैन मंदिरात चातुर्मासाला आर्यिका माताजी, म्हणजे साध्वी, आल्या आहेत. गेल्या महिन्यात प्रवचनाचा विषय होता परिग्रह, म्हणजे आपली साठवासाठवी. गृहस्थानं आपल्या वस्तूंना काही मर्यादा घालून घ्यावी, असं त्या सांगत होत्या. तेवढ्यात माझी जाऊ भाग्यश्री उठली, हात जोडून म्हणाली, "माताजी, वर्षभर मी नवी साडी घेणार नाही." बायका वळून वळून तिच्याकडे बघायला लागल्या. एकीनं तर डोळे पुसले. चारू, त्या बाईच्या कपाटात घडी न मोडलेल्या साड्यांची थप्पी आहे. वर्ष कसलं, जन्म जाईल! मला राहवलं नाही. मीही उठले आणि म्हणाले, "आजपासून जन्मभर मी नवं सोनं आणि चांदी घेणार नाही." भाग्यश्रीचं तोंड बघायला तू हवी होतीस. मी घरी आले ती तरंगतच.

आणि पुढच्याच आठवड्यात पापड-लोणच्यांच्या प्रदर्शनाला गेले. वरच्या मजल्यावर जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. मी जिना चढले तो केवळ वर पंखे बरे होते म्हणून. तिथं एका काचेखाली ही बाई बसलेली. जुन्या पावलीएवढी चांदी, जरा काळसर, आणि डोक्यावर हा एवढा अंबाडा! माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी सुनेच्या भाजीकडे बघते. खाली चिठ्ठी: रोमची राणी फॉस्टिना.

मी त्या मिरजेच्या विक्रेत्याला विचारलं, "ही नीरोच्या नंतरची का हो?"

"व्हय मावशी, लय नंतरची. मधी बी बरीच मंडळी होऊन गेली."

तुला आठवतं का, एफ.वाय.ला आपल्याला रोम होतं? सर नीरोपर्यंत आले. रोम जळत होतं, आणि त्याच आठवड्यात कुपवाडहून मंडळी मला बघायला आली. पुढच्या तासाला मी बसलेच नाही. तू बी.ए. झालीस, बी.एड. झालीस, साताऱ्याच्या पोरींना भूगोल शिकवून रिटायर झालीस. मी लेथ मशीनच्या गिऱ्हाइकांना चहा दिला. नीरोनंतर रोमचं काय झालं, ते मला आजतागायत माहीत नाही.

म्हणून घेतली. पावती तुझ्या नावानं केली आहे, या पत्रासोबतच ठेवलीय, त्यामुळे व्रत शाबूत आहे. नाणं तुझं, तुझ्या घरात राहणार. मी फक्त अधूनमधून भेटायला येणार. सांभाळ.

तुझी
चंदनबाला

*

सातारा
११ ऑगस्ट २०२५

चंदन,

व्रत जन्मभराचं, टिकलं आठवडाभर, आणि पळवाट साताऱ्यातून काढलीस. तू वकील व्हायला हवी होतीस. लेथ मशीनवाल्यांनी उगाच घाई केली.

बाई मिळाल्या. पिशवी वाटेतच फाटली होती. कढी-पिठल्याला पुरेल इतकी हळद त्यांच्या अंबाड्यात होती, ती फुंकून काढली. फुंकायला मनाई नव्हती. खरं सांगू? मला त्या वरच्या मजल्यावरच्या शेजारीण बाईंसारख्या दिसल्या, सोसायटीची मीटिंग असली की येतात तशा. पण तुझा जीव जडलाय, तर असो.

नीरोनंतरचं मला विचारू नकोस. मी पेपरात "नीरोनंतर रोमचे पतन झाले" एवढं एक वाक्य लिहिलं आणि मला त्याचे मार्कही मिळाले.

आता ठेवायचं कुठे हा प्रश्न. हरीला कळता कामा नये. तो आणि तुझे अजितकुमार रोज संध्याकाळी फोनवर असतात, आमच्याकडे काय भाजी होती हेसुद्धा सांगलीला कळतं. आणि हरीचा हात घरात सगळीकडे जातो: फ्रिजमध्ये, डब्यांत, माझ्या पर्समध्ये. फक्त देवघरात जात नाही, कारण तिथं हात घातला तर पूजा करावी लागेल. म्हणून बाईंना तिथंच ठेवलंय, सिद्धनाथाच्या टाकाखालच्या लाल कापडाच्या घडीत. टाक म्हणजे आमचे देव, चांदीच्या पत्र्यावर ठसा उमटवलेले. तुमच्याकडे नसतात, म्हणून सांगते. आमचं कुलदैवत म्हसवडचं. जोडीनं हवेत, सिद्धनाथ आणि जोगेश्वरी, पण वाटणीत जोगेश्वरी थोरल्या दिरांनी नेली. आमचा सिद्धनाथ तेव्हापासून एकटाच. हरीला ते अजून लागतं. "आईनं निदान देवाची तरी जोडी फोडायची नव्हती," म्हणतो.

मी पंधरवड्यासाठी पुण्याला ज्ञानदाकडे चालले आहे, कानाचं यंत्र बसवायला. लेक म्हणते, आई, तू ऐकू येत नसल्याचा फायदा घेतेस. खरं आहे. आता तो जाणार.

चारू

*

सांगली
२० ऑगस्ट २०२५

प्रिय चारू,

शेजारीण म्हणतेस? नीट ऐक, ती कोण आहे ते.

त्या मिरजेवाल्यानं मला नवशिक्यांसाठी एक पुस्तक दिलं. त्यात पहिलंच लिहिलंय, आधी पुस्तक घ्या, मग नाणं. मी उलटं केलं. पुढं लिहिलंय, दिसेल ते उचलू नका, एक विषय धरा, नाहीतर तुमच्यात आणि भंगारवाल्यात फरक राहणार नाही. आणि चांदीवरची काळसर झाक ही मळ नाही, तो तिचा मान आहे. घासून लखलखीत केलेल्या नाण्याकडे जाणकार ढुंकून बघत नाहीत. इथं आपण जन्मभर चांदी घासण्यात घालवली!

तर फॉस्टिना ही अँटोनायनस राजाची बायको. ती वारली तेव्हा त्यानं सभेकडून ठराव करून घेतला, की आजपासून ही देवी. आपल्याकडे ठराव लागत नाही, शेंदूर पुरतो. मग त्यानं तिच्या तोंडाची नाणी पाडायला सुरुवात केली ती वर्षानुवर्षं पाडतच राहिला. तुझ्याजवळचं नाणं त्यातलंच. तिच्या कडेनं जी अक्षरं आहेत ना, त्यातला पहिला शब्द "दिवा". देवी. आमच्या ह्यांनी मी गेल्यावर एखादा स्टीलचा डबा जरी माझ्या नावानं वाटला तरी मी समजेन पावले.

अजितकुमारांना संशय आलाय. मी दुपारी डिक्शनरी घेऊन बसते, तर त्यांना वाटतंय मी परदेशी जायचं बघतेय. अरिहंतला म्हणाले, "तुझ्या आईला कुणी बोलावलंय का रं तिकडं?" वर्कशॉप पोरावर सोपवल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही.

माझा विषय ठरला आहे. नीरोनंतरचे, ओळीनं, एकेक. सर जिथं थांबले तिथून पुढं. चारू, या वयात रोज सकाळी उठताना काहीतरी पुढं आहे असं वाटतं गं. सून, नातू, मंदिर, सगळं आहे आणि छान आहे, पण ते सगळ्यांचं आहे. हे एकटीचं आहे.

पुण्याहून आलीस की तिला रोज एकदा बघत जा आणि मला कळव. नाकाचा शेंडा नीट बघ. तिथं एक बारीक चीर आहे, ती मला फार आवडते.

तुझी चंदन

*

सातारा
२ सप्टेंबर २०२५

चंदन,

परवा आले. तुझं पाकीट हरीनं फोडलं नव्हतं. जाड पाकीट म्हणजे बायकांची दुखणी, अशी त्याची समजूत आहे. ती देव करो आणि तशीच राहो.

यंत्र बसलं. आता सगळं ऐकू येतं. फ्रिज ऐकू येतो, शेजारचा कुकर ऐकू येतो, हरीचं पोहे चावणं ऐकू येतं. पूर्वीच बरं होतं.

मी नव्हते तेव्हा पूजा हरीनं केली. रोज. मला धक्काच बसला. फार खूश आहे तो सध्या. रिटायर झाल्यापासून इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता.

तुझी बाई देवाजवळ आहे. म्हणजे अगदी शेजारी.

एक सहज विचारते. अशी फॉस्टिनाची नाणी जगात बरीच असतील ना? म्हणजे एखाद्याला दुसरं हवं असेल तर मिळत असेल? सहज आपलं.

गणपतीच्या आरत्यांनी यंत्र तापलंय. जास्त लिहीत नाही.

चारू

*

सांगली
८ सप्टेंबर २०२५

प्रिय चारू,

दुसरं कशाला? मला सुरुवातीचे हवेत. पण ते आता राहू दे, मोठी गोष्ट घडली आहे.

आमचं दशलक्षण पर्व नुकतंच संपलं. नवव्या दिवशी विषय असतो आकिंचन्य, म्हणजे माझं असं काहीच नाही. माताजी बोलत होत्या आणि मी खाली मान घालून बसले होते. भाग्यश्री शेजारीच. ती जुनी साडी नेसली होती आणि ती जुनी आहे हे तिनं चौघींना सांगितलंही होतं. मी मात्र प्रवचन संपल्यावर माताजींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. पावती तुझ्या नावाची, नाणं तुझ्या घरात, हेही सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील चालतं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "नाणं कुणाच्या घरात आहे ते मी विचारत नाही. सामायिकाला बसून डोळे मिटता, तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

चारू, मी काय सांगणार? अंबाडा दिसतो.

रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मग ते कपाट साताऱ्यात असलं तरी तुमचंच झालं. मी घरी आले, जेवले नाही. उपास होताच, त्यामुळे कुणाला कळलं नाही. बरीच भांडले स्वतःशी. भाग्यश्रीला खिजवायला मी उभी राहिले होते हे खरं, पण शब्द माझ्या तोंडून गेला, तोही देवासमोर. शेवटी ठरवलं.

ती आता खरोखर तुझी. दान. तिला भेटायला येणार नाही, नाकाची चौकशी करणार नाही. तिचं काय करायचं ते तू ठरव. सोपं गेलं नाही, लपवत नाही. पण मन मोठं केलं, की ती तुझ्याकडे आहे, म्हणजे जगात कुठंतरी आहे, नीट आहे, मला माहीत असलेल्या घरात आहे. तेवढं मला पुरे.

आणि आज क्षमावाणी. दर वर्षी मी तुला छापील कार्ड पाठवते आणि तू ते टेलिफोनच्या डायरीत खूण म्हणून घालतेस. या वर्षी हातानं लिहिते. कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर. तुझ्या घरात माझी लबाडी ठेवली, त्याची विशेष.

चंदन

*

सातारा
१४ सप्टेंबर २०२५

चंदन,

तुझं पत्र आल्यापासून तीनदा कागद घेतला आणि तीनदा फाडला. आता सरळ लिहिते. फॉस्टिना नाही. म्हणजे आहे, पण फॉस्टिना म्हणून नाही.

मी पुण्याला गेल्यावर हरीनं पूजेला हात घातला. कशाला, तर मी आल्यावर मला दाखवायला, की तोही काही कमी नाही. पहिल्याच दिवशी सिद्धनाथाखालचं लाल कापड धुवायला काढलं आणि त्यातून ती पडली. चांदीची, काळी पडलेली, झिजलेली, आणि बाईचा मुखडा. कडेची अक्षरं त्याला नक्षी वाटली.

हरीला वाटलं, ही जोगेश्वरी.

त्यानं सगळी गोष्ट मनाशी जुळवली. वाटणीच्या वेळी थोरल्या दिरांना दिला तो दुसरा टाक असणार, आणि खरा जुना, पिढीजात टाक आईनं गुपचूप कापडाखाली लपवून धाकट्यासाठी ठेवला असणार. "आईनं माझ्यासाठी ठेवली होती, चारू. मला सांगायचं राहून गेलं असेल तिचं." मी दारात पिशवी टेकते न टेकते तोच हे सांगत होता. डोळ्यांतून पाणी. सत्तरीचा माणूस. गेली कितीतरी वर्षं हा मनात धरून बसलाय, की आईचं थोरल्यावर जास्त होतं.

थांब, अजून संपलं नाही. नवरात्र तोंडावर. चेहरा ओळखू येत नाही, अशी देवी घटावर कशी बसवायची? म्हणून तो तिला घेऊन नानासो सोनारांकडे गेला. नानासोंनी काय म्हटलं तेही त्यानं मला कौतुकानं सांगितलं.

"आवं हरीभाऊ, टाक कसला जाड हाय! पूर्वीची मान्सं हात राखून करत न्हवती. कवाचा म्हनायचा?"

"आमच्या आजीच्याही आधीचा."

"दिसतंयच की. लय जुना हाय."

आणि मग दोघांनी मिळून ती वितळवली. जुनी चांदी तीच राहावी, वाया जाऊ नये, म्हणून त्यातच थोडी नवी घालून पत्रा केला आणि त्यावर जोगेश्वरीचा ठसा मारला. अशीच पद्धत आहे आमच्याकडे, झिजलेला टाक मोडून त्याचाच नवा करायचा. मी घरी आले तेव्हा ती देव्हाऱ्यात बसली होती, लखलखीत, सिद्धनाथाच्या शेजारी.

आता मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, की अरे, ती आईनं नाही, चंदननं ठेवायला दिली होती, आणि ती देवी नाही, रोमची राणी आहे? माझी जीभ उचलली नाही. अजूनही उचलत नाही. गेल्या पत्रात म्हणूनच वेड्यासारखं लिहिलं. आणि वर तुझं हे दानपत्र येऊन पडलं, "जगात कुठंतरी आहे, नीट आहे." चंदन, मला ते वाक्य वाचवेना.

मी जैन नाही, आणि क्षमावाणी होऊन गेली. तरी मागते.

चारू

*

सातारा
५ ऑक्टोबर २०२५

चंदन,

नवरात्र झालं, दसरा झाला, तुझं पत्र नाही. हरी म्हणतो अजितकुमारांचा फोन रोज येतो, म्हणजे घरात सगळे धडधाकट आहेत. म्हणजे तू बोलत नाहीस.

शिव्या दे. कानाला यंत्र आहे, आता फोनवरून दिल्यास तरी स्वच्छ ऐकू येतील.

चारू

*

सांगली
१२ ऑक्टोबर २०२५

चारू,

शिव्या द्यायला बसले होते. येत नाहीत नीट, सराव नाही. भाग्यश्रीसाठी मनात असतात तेवढ्याच.

तुझं पत्र मी गच्चीवर वाचलं आणि तिथंच बसून रडले. अगदी हमसून. मला स्वतःचंच नवल वाटलं. दान दिलं होतं ना? दिलेल्या वस्तूचं काय झालं हे विचारायचं नसतं. मग रडतेय कोण? माताजी बरोबर होत्या. मी हातानं दिलं होतं, मुठीनं नाही. आणि दुसरं म्हणजे, इतकी शतकं ती कुठं कुठं फिरली, जमिनीत राहिली, समुद्र ओलांडला, कुणी तिला धक्का लावला नाही. आणि माझ्या हातात आली, तर दोन महिन्यांत संपली. माझ्या हातात आलेल्या गोष्टी अशाच अर्ध्यावर राहतात, असं वाटलं. राग तुझा आला, हरीभाऊजींचा आला, त्या नानासोंचा तर फारच आला.

आमच्या ह्यांनी मला रडताना पकडलं. "काय झालं गं? दाढ दुखतीया का?" सांगितलं तर संध्याकाळी साताऱ्याला पोचणार. मग त्यांनीच ठरवलं, की मला व्रताचा पश्चात्ताप झालाय. "आगं, मला तवाच वाटलं हुतं. चल पेठंत, एक पाटली घिऊ. माताजींना मी सांगतो काय सांगायचं ते." चारू, लग्न होऊन आयुष्य गेलं, या माणसानं आपणहून पाटलीचं नाव काढलं नव्हतं. व्रत घेतल्यावर काढलं! मी रडता रडता हसायला लागले, तर ते आणखीनच घाबरले.

हसायला लागले ते लागलेच. मग सगळंच दिसायला लागलं. अँटोनायनसनं किती खटपट केली होती, ठराव काय, नाणी काय, की माझ्या बायकोला लोकांनी देवी म्हणावं. रोममध्ये आता तिला कोण विचारतं? आणि साताऱ्यात हरीभाऊजी तिला रोज हळद-कुंकू वाहतात! कुणाला जमलं नाही ते त्यांनी आणि नानासोंनी केलं. आता कार्तिकात म्हसवडला सिद्धनाथाचं आणि जोगेश्वरीचं लग्न लागेल. म्हणजे हिचं दुसरं लग्न. त्या बिचाऱ्या अँटोनायनसला कळवू नका म्हणजे झालं.

हरीभाऊजींना एक अक्षर सांगू नकोस. त्यांना आई मिळाली आहे, ती नाण्यापेक्षा मोठी. मी आता ती खरंच दिली. या वेळी मुठीनंसुद्धा.

पण माझं हे रोम आता बास. पुस्तक वर टाकलंय. नीरोवर थांबले होते तेच बरं होतं. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

चंदन

*

सातारा
१० नोव्हेंबर २०२५

चंदन,

आम्ही म्हसवडला जाऊन आलो. हरीनं टाक बरोबर घेतला होता, देवाला भेटवायला. गर्दीत त्यानं तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. थोरले दीरही आले होते. हरीनं त्यांना सांगितलं, आईनं ठेवली होती. ते म्हणाले, "आईचं तुझ्यावरच जास्त होतं, मला ठाऊक हाय." चंदन, दोघंही जन्मभर तेच धरून बसले होते. मग दोघं मिळून एका गाडीवर उसाचा रस प्यायले, वाटणीनंतर पहिल्यांदा. मी लांबून बघत होते. तुझी रोमची राणी काय काय करून गेली, तुला कल्पना नाही.

मी रोज पूजा करताना तिच्या नाकाचा शेंडा बघते. चीर गेली. तरी बघते. आयुष्यात पहिल्यांदा माझं पूजेत लक्ष लागतं, आणि ते अशा कारणानं.

आता दुसरं. तुझ्या पहिल्या पत्रातल्या पावतीवर त्या मिरजेवाल्याचा पत्ता होता. मी गेल्या आठवड्यात एसटीनं मिरजेला गेले. सांगलीवरूनच गेले आणि तुझ्याकडे उतरले नाही, मुद्दाम. त्याला म्हटलं, नीरोनंतर लगेचचा कोण आहे ते दाखवा. लगेचचे होते ते माझ्या पेन्शनच्या आवाक्याबाहेरचे. मग त्यानं एक चांदीचं काढलं. जाड मानेचा, टकलू, कपाळाला आठ्या, आणि चेहरा असा की जणू सकाळपासून पोट साफ झालेलं नाही. व्हेस्पेशियन म्हणे. मला एकदम आवडला. आमच्या शाळेचे हेडमास्तर असेच होते.

नीट ऐक. हे नाणं माझं आहे. माझ्या पैशानं, माझ्या नावानं, माझ्यासाठी घेतलंय. तुझं व्रत तुझ्यापाशी, मी कुणासमोर उठून उभी राहिले नव्हते. तुला देणार नाही, मागितलंस तरी देणार नाही. देवघरात ठेवणार नाही, कपाटात कुलपात ठेवलंय आणि हरीला सांगितलंय, की हा देव नाही, हा माझा टकलू आहे, याला सोनाराकडे नेलास तर तुलाही नेईन. संध्याकाळी अजितकुमारांना कळेलच.

फक्त अडचण अशी, की मला याच्याबद्दल काही माहीत नाही. मी पेपरात एक वाक्य लिहून सुटले होते. नवशिक्यांचं पुस्तक तुझ्याकडे आहे, माळ्यावर टाकलेलं. तेव्हा ते खाली काढ आणि मला शिकव. नीरोनंतर काय झालं?

चारू

*

सांगली
१६ नोव्हेंबर २०२५

चारू,

अजितकुमारांनी मला काल विचारलं, "हरीभाऊंच्या बायकोनं कोन टकलू आनून ठेवलाय?" मी म्हटलं, मला काय माहीत, आणि माळ्यावर चढले.

धडा पहिला. नीरो मेला आणि एका वर्षात चार राजे झाले. आपल्या ग्रामपंचायतींत अविश्वास ठराव येतात तसे. पहिला कंजूष, त्याला मारलं. दुसऱ्यानं स्वतःच जीव दिला. तिसरा खादाड, त्यालाही मारलं. चौथा तुझा टकलू. तो टिकला. मोठ्या घराण्यातला नव्हता, सैन्यातला माणूस. तिजोरी रिकामी होती म्हणून त्यानं मुताऱ्यांवर कर बसवला. खोटं नाही सांगत, पुस्तकात आहे. त्याच्या मुलाला लाज वाटली, तर बापानं त्या कराचं नाणं त्याच्या नाकाला लावलं आणि विचारलं, येतो का वास? तर आज टकलूला कपाटातून काढ, कडेनं धर, आणि नाकाला लाव. वास आला तर कळव, मी मिरजेवाल्याशी बोलते.

मी तुझ्या नाण्याचा विचार करते का, ते काल सामायिकात बघितलं. आला विचार. पण हवंसं नाही वाटलं, बघावंसं वाटलं. माताजी विहार करून पुढच्या गावाला गेल्या, नाहीतर विचारलं असतं, हे कशात बसतं.

रविवारी येते. भिंग आणि पुस्तक आणते. आधी देवघरात जाईन, जोगेश्वरीला ओळख देईन, हरीभाऊजींना वाटू दे मी भाविक झाले. मग कपाट उघड.

आणि तुझं ते पेपरातलं वाक्य चूक आहे. त्याचे मार्क परत कर. नीरोनंतर रोम पडलं नाही, चारू. पुढं कितीतरी चाललं, चांगले आले, वेडे आले, फॉस्टिना आली. मलाच इतकी वर्षं वाटत होतं, मी तासाला बसले नाही म्हणून ते तिथंच संपलं.

तुझी
चंदनबाला